जखमी कोरल सावरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या रीफ टँकमधलं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातलं, कोरल (प्रवाळ) फाटलं, तुटलं, सडू लागलं की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. भारतातल्या टँकमध्ये बहुतेक सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा नसलेली), झोअँथिड (बटणासारख्या पॉलिपची, म्हणजे तोंड आणि तंतू असलेल्या छोट्या जिवांची, चटई) आणि मशरूम (चकतीसारखी मऊ कोरल) असतात. त्यामागचं कायद्याचं कारण प्रश्न १९ मध्ये आहे. दगडी कोरल, म्हणजे एलपीएस (मोठ्या पॉलिपची) आणि एसपीएस (छोट्या पॉलिपची), यांचे प्रश्न परदेशात टँक ठेवणाऱ्या मराठी मंडळींकडून येतात. प्रश्न १ ते ५ सगळ्यांसाठी आहेत. पुढे आपापल्या कोरलचा प्रश्न शोधा.

१. कोरल खरंच जखमी आहे की नुसतं मिटून बसलंय, हे कसं ओळखायचं?

मिटलेल्या कोरलचा टिश्यू (जिवंत मांसल भाग) अखंड असतो. ते आखडतं, लहान दिसतं, पण रंग टिकतो आणि सांगाड्यावरचं आवरण कुठेही तुटत नाही. जखमी कोरलमध्ये यांपैकी काहीतरी दिसतं: पांढरा सांगाडा उघडा पडलेला, टिश्यूची कड लोंबणारी, तपकिरी चिकट गोळा, किंवा सॉफ्ट कोरलवर मऊ, काळपट, कुबट वासाचा डाग.

शंका असेल तर पंप बंद करून मोठ्या सिरिंजने कोरलवर पाण्याचा हलका झोत सोडा. निरोगी टिश्यू आणखी आखडतो. मेलेला टिश्यू धाग्याधाग्यांनी सुटून येतो. मग रोज एकाच कोनातून, एकाच दिव्याखाली फोटो काढा. जखमेची कड पुढे सरकतेय की जागच्या जागी आहे, हे डोळ्यांना पटकन कळत नाही. तीन दिवसांचे फोटो शेजारी ठेवले की कळतं. पुढचे सगळे निर्णय याच एका गोष्टीवर ठरतात.

२. जखम आत्ताच दिसली. पहिल्या तासात काय करू?

आधी कारण शोधा आणि ते दूर करा. वेव्हमेकर (प्रवाह तयार करणारा पंप) थेट कोरलवर मारतोय का, शेजारचं कोरल टेकलंय का, दगड घसरलाय का, मासा चोची मारतोय का? कारण तसंच ठेवून केलेला डिप (औषधाच्या पाण्यात बुडवणं) म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण फरशी पुसतोय.

मग तापमान, क्षारता (मिठाचं प्रमाण) आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची ताकद) मोजा (प्रश्न ३). जखम स्वच्छ असेल, म्हणजे कड ताजी, वास नाही, चिकटा नाही, तर कोरल जागचं हलवूही नका. प्रवाह थोडा कमी करा आणि थांबा. लोंबणारा मेलेला टिश्यू सिरिंजच्या झोताने उडवून सायफनने लगेच ओढून घ्या. सडणारं मांस टँकमध्ये फिरू देऊ नका.

कड सरकत असेल, तपकिरी जेली असेल किंवा वास येत असेल, तरच कोरल बाहेर काढून डिप किंवा छाटणी करायची. जखमी कोरल जखमेपेक्षा जास्त वेळा धावपळीने मरतात. सकाळी डिप, दुपारी जागा बदल, संध्याकाळी नवीन औषध, रात्री ५० टक्के पाणी बदल, हे सगळं एका दिवसात कोणतंच कोरल सोसत नाही.

३. पाण्याचे कोणते आकडे बघायचे?

क्षारता ३५ पीपीटी (हजारात भाग), म्हणजे २५ अंशांना घनता साधारण १.०२६. तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस. अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच (तिचं एकक). कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम (दशलक्षात भाग). नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणणं ही चूक आहे. नवीन टिश्यू बनायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतातच.

आकडा थोडा चुकलेला चालतो, झोका चालत नाही. अल्कलिनिटी १० असेल आणि महिनाभर १० च असेल, तर जखमेपायी ती ८ वर आणायला जाऊ नका. बदल करायचाच असेल तर दिवसाला ०.५ डीकेएचपेक्षा जास्त नको. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने तपासा. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र ३५ ला दोन-तीन पीपीटीने चुकलेलं असू शकतं.

मुंबई-ठाण्यात चिलर नसेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी सहज ३१-३२ अंशांवर जातं आणि तिथे कोणतीच जखम नीट भरत नाही. पृष्ठभागावर पंखा लावून कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात, पण पावसाळ्याच्या दमट हवेत पंख्याचा उपयोग फारसा होत नाही. शिवाय पंख्याने बाष्पीभवन वाढतं आणि क्षारता रोज वर चढते. म्हणून रोज गोड्या आरओ पाण्याने पातळी भरून काढा.

४. घरातल्या पिण्याच्या आरओ प्युरिफायरचं पाणी चालेल का?

बहुतेक वेळा नाही. भारतातल्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. त्यात चव येण्यासाठी आरओच्या पाण्यात खनिजं किंवा मूळ पाणी परत मिसळलं जातं. त्यामुळे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५० ते १५० येतो. टँकला तो शून्य हवा.

त्याहून वाईट म्हणजे ‘कॉपर’वाले प्युरिफायर. तांबं माणसाला त्या प्रमाणात चालतं, पण कोरल, झिंगे आणि गोगलगाई यांना ते विषच आहे. जखम का भरत नाही याचं कारण अनेकदा स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेलं असतं. आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडलेलं वेगळं युनिट घ्या आणि टीडीएस मीटर १ दाखवू लागला की रेझिन बदला.

५. आयोडीनचा डिप कसा द्यायचा? केमिस्टकडचं आयोडीन चालतं का?

५ टक्के लुगॉल्स द्रावण असेल तर १ लिटर टँकच्याच पाण्यात ५ थेंब, १० मिनिटं. पाणी फिक्या चहासारखं दिसायला हवं. सडण असेल तर १० थेंब आणि १५ मिनिटांपर्यंत जाता येतं, त्यापुढे नाही. मधूनमधून सिरिंजने भांड्यातलंच पाणी कोरलवर हलकं फिरवा. नंतर टँकच्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात एक मिनिट खळबळा आणि मगच टँकमध्ये. डिपचं पाणी बेसिनमध्ये ओता, टँकमध्ये कधीच नाही.

भांडं टेबलावर ठेवलं तर दहा मिनिटांत पाणी खोलीच्या तापमानाला जातं. उन्हाळ्यात चढतं, एसीत उतरतं. म्हणून भांडं सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) तरंगत ठेवा.

केमिस्टकडे तीन वेगळ्या बाटल्या मिळतात. लुगॉल्स, म्हणजे पाण्यातलं आयोडीन, चालतं. टिंक्चर आयोडीन नको, त्यात अल्कोहोल असतं. पोव्हिडोन आयोडीनचं ‘स्क्रब’ तर मुळीच नको, त्यात साबणासारखा फेस आणणारा पदार्थ असतो. झेनिया या सॉफ्ट कोरलला आयोडीनचा डिप देऊ नका. ते नाजूक असतं आणि विरघळून जातं.

एक डिप दिल्यावर किमान तीन-चार दिवस दुसरा नाही. अपवाद फक्त तपकिरी जेलीचा (प्रश्न १०).

६. सार्कोफायटन लेदरचा (छत्रीसारख्या सॉफ्ट कोरलचा) देठ बुडाशी सडतोय. अख्खं कोरल गेलं का?

नाही. लेदर कोरल छाटणी फार चांगली सोसतं. सडण जिथे संपते तिथून वर निदान १ सेंटिमीटर निरोगी भागात कापायचं. आतला भाग एकसारखा पांढरट आणि घट्ट दिसला पाहिजे. तपकिरी रेष दिसली तर आणखी वर. नवीन ब्लेड घ्या आणि करवतीसारखं घासू नका, एका दमात कापा. घासलेली कड सडते, स्वच्छ कड बंद होते. कापणं टँकबाहेर भांड्यात करा, कारण लेदर कापल्यावर भरपूर चिकटा आणि टर्पीन जातीची रसायनं सोडतं. सिन्युलॅरिया हे लेदर याबाबतीत सगळ्यांत वाईट. त्या दिवशी टँकमध्ये ताजं ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, १०० लिटरमागे साधारण ५० ग्रॅम धुऊन, आणि चार दिवसांनी बदला.

आता उरलेला मुकुट दगडाला कसा लावायचा? सुपरग्लू लेदरच्या चिकट्यावर टिकत नाही, तासाभरात सुटतो. देठातून प्लास्टिकची टूथपिक आडवी घाला आणि तिची दोन्ही टोकं रबरबँडने छोट्या दगडाला बांधा. किंवा मुकुट दगडाच्या तुकड्यांवर ठेवून वरून मच्छरदाणीची जाळी सैल बांधा. रबरबँड घट्ट बांधलं तर ते देठ कापत जातं आणि दोन दिवसांत तुमच्याकडे दोन तुकडे होतात. मध्यम प्रवाहात ७ ते १४ दिवसांत तो दगडाला धरतो. पॉलिप उघडायला त्याहून वेळ लागू शकतो.

७. लेदरवर चकचकीत मेणासारखा थर आलाय आणि आठवडाभर ते मिटलेलंच आहे. जखम आहे का?

जखम नाही. लेदर वरचा थर अधूनमधून टाकून देतं, शेवाळ आणि घाण त्यासोबत निघून जाते. काही दिवस ते दोन आठवडे लागतात. प्रवाह किंचित वाढवा म्हणजे थर लवकर उडेल. बोटांनी सोलू नका. थराखाली मऊ काळा डाग दिसला तरच प्रश्न ६.

८. झोअँथिडचे काही पॉलिप वितळले. कसं वाचवू? आणि हाताळणं धोक्याचं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. हो, धोक्याचं आहे. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. ते आतापर्यंत माहीत असलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. नायट्राइल हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल घालूनच कापा, कारण दाबल्यावर पॉलिप पिचकारी मारतात. हातावर जखम असेल तर काम पुढे ढकला. झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याखाली धरू नका, ब्रशने कोरडा घासू नका. वाफेतून आणि तुषारांतून विषबाधा झाल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. तोंडात कडू किंवा धातूसारखी चव, छातीत दडपण, ताप, स्नायूदुखी यांपैकी काहीही जाणवलं तर थेट रुग्णालय गाठा आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आता पॉलिप. वितळलेले पॉलिप परत येत नाहीत, पण त्यांच्याखालची सामायिक चटई शेजाऱ्यांना सडवू शकते. मऊ पडलेला भाग चिमट्याने उचला, एक-दोन निरोगी पॉलिपही सोबत कापून टाका, प्रश्न ५ प्रमाणे डिप द्या आणि दगड स्वच्छ प्रवाहात ठेवा. डिप झाल्यावर भांड्याच्या तळाशी नीट बघा. झोअँथिड खाणाऱ्या समुद्री गोगलगाई त्या पॉलिपच्याच रंगाच्या असतात आणि दगडावर असताना दिसत नाहीत.

९. मशरूम फाटून तुकडे झाले आणि एक तुकडा टँकमध्ये तरंगतोय.

अभिनंदन, तुमच्याकडे आता जास्त मशरूम आहेत. डिस्कोसोमा आणि रोडॅक्टिसचा बोटाच्या पेराएवढा तुकडाही नवीन मशरूम होतो. रिकॉर्डियाच्या तुकड्यात मात्र तोंडाचा भाग असलेला बरा. प्लास्टिकच्या वाटीत दगडाचे तुकडे पसरा, त्यावर मशरूम सोडा, जाळीने झाका आणि वाटी अगदी मंद प्रवाहात, सावलीत ठेवा. दोन आठवड्यांत बहुतेक तुकडे धरतात. गोंद लावू नका, डिप देऊ नका, रोज उचलून बघू नका.

१०. टॉर्च किंवा हॅमर या एलपीएस कोरलवर तपकिरी जेली आली आहे. किती वेळ आहे हातात?

तास. दिवस नाहीत. ही जेली म्हणजे विरघळणारा टिश्यू, जिवाणू आणि त्यावर तुटून पडलेले सिलिएट जातीचे सूक्ष्मजीव यांचा गोळा. तो प्रवाहाने उडून शेजारच्या हेडवर (देठाच्या टोकावरच्या पॉलिपवर) बसला की तेही जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

सगळे पंप बंद. पाणी स्थिर झाल्यावर एअरलाइनच्या नळीने जेली बादलीत सायफन करा. आता कोरल पाण्याखालीच एका भांड्यात सरकवा आणि भांड्यासकट वर उचला. तसंच उचललं तर उरलेली जेली वाटभर सांडते. बाहेर सिरिंजच्या जोरदार झोताने सांगाड्याच्या खाचांतून जेली पूर्ण काढा. फांद्यांचं कोरल असेल तर बाधित हेड बोन कटरने खाली, मेलेल्या देठात कापून वेगळं करा. मग सगळ्या निरोगी हेडना आयोडीनचा १५ मिनिटांचा डिप. भांडी, कात्री, हात टँकच्या पाण्यात पुन्हा घालायच्या आधी गोड्या पाण्याने धुवा.

वेगळा टँक असेल तर कोरल तिकडे. नसेल तर ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी सम्पमध्ये उतरतं) अगदी जवळ, म्हणजे काही सुटलंच तर ते थेट सम्पच्या फिल्टर सॉकमध्ये जाईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जेली दिसली तर पुन्हा डिप. ४८ तास स्वच्छ गेले तर आशा आहे. भिंतीसारखा सलग हॅमर, ज्यात हेड सुटे नसतात, तिथे सडण सलग टिश्यूतून सरकते आणि वाचण्याची शक्यता बरीच कमी होते. तो घेण्याआधीच हे माहीत असावं. (हॅमर आणि फ्रॉगस्पॉन शास्त्रज्ञांनी आता फिम्ब्रिआफिलिया या वंशात टाकले आहेत. टॉर्च अजून युफिलियाच. दुकानात तिन्हींना युफिलियाच म्हणतात, उपचारही तिन्हींचा सारखाच.)

११. ट्रॅकिफिलिया किंवा लोबोफिलिया उचलताना टिश्यू फाटला, सांगाड्याची धार बाहेर आली.

फुगलेलं एलपीएस उचललं की स्वतःच्याच सांगाड्याच्या धारेवर फाटतं. पुढच्या वेळी आधी हाताने पाणी हलवून त्याला मिटायला लावा, मग खालून सांगाड्याला धरून, पाण्यातून हळू वर काढा. हवेत आल्यावर आतल्या पाण्याच्या वजनाने टिश्यू ओढला जातो.

फाटलं आहेच तर ते मंद प्रवाहात ठेवा. झोत असेल तर टिश्यू दिवसभर त्याच धारेवर घासत राहतो. ट्रॅकिफिलिया दगडावर नव्हे, बारीक वाळूवर ठेवा. कडा आत ओढून घेतल्या गेल्या आणि फाट्याच्या टोकाला गोलाई आली की भरणं सुरू झालं समजा. तीन ते सहा आठवडे धरा. खाऊ घालण्याबद्दल प्रश्न १४.

१२. ॲक्रोपोराची (फांद्यांच्या एसपीएस कोरलची) फांदी तुटली. आणि दुसऱ्या एकाचा टिश्यू बुडापासून सोलून निघतोय. दोन्हींना एकच उपाय का?

मुळीच नाही, हा घोळ नेहमी होतो.

तुटलेली फांदी हा अपघात आहे. खुंटाला हात लावू नका. एक-दोन आठवड्यांत टिश्यू तुटलेल्या तोंडावरून सरकतो. तुटलेली फांदी प्लगवर (कोरल चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) लावा. त्यासाठी सुपरग्लूचा जेल प्रकार वापरा, पातळ फेविक्विक पाण्यात पसरून पांढरा पापुद्रा होतो. वाटाण्याएवढा जेल लावून फांदी दाबा, पाण्यात बुडवा आणि २०-३० सेकंद धरा.

सोललेला टिश्यू हा आजार आहे. काही तासांत ते दिवसभरात पसरला तर त्याला आरटीएन (टिश्यू वेगाने मरणं) म्हणतात, आठवड्याला काही मिलिमीटर सरकला तर एसटीएन (टिश्यू हळूहळू मरणं). आरटीएनमध्ये मूळ वसाहत वाचवायचा मोह सोडा. सोलण्याच्या रेषेपासून निदान १ सेंटिमीटर वर, निरोगी भागात कापून चार-पाच फ्रॅग (लावायचे छोटे तुकडे) करा, प्रत्येकाला डिप द्या आणि जमलं तर एखादा मित्राच्या टँकमध्ये ठेवा. एसटीएनमध्ये कापायच्या आधी पाणी बघा. नायट्रेट जवळपास शून्य आणि अल्कलिनिटी ९-१० च्या वर, ही जोडी एसपीएसची टोकं जाळते आणि बूड सोलते. काहीजण सरकत्या कडेवर सुपरग्लू जेलची रेघ ओढतात, अर्धी मेलेल्या आणि अर्धी जिवंत भागावर. कधी कड थांबते, कधी नाही. कारण तसंच असेल तर ती गोंदाच्या पलीकडून पुन्हा सुरू होते.

१३. उघड्या सांगाड्यावर शेवाळ उगवलंय. काढायचं का?

काढायचं, कारण टिश्यूला सरकायला मोकळी जागा लागते आणि केसाळ शेवाळ त्याची कड टोचत राहतं. आठ-दहा दिवसांत ते येतंच. मऊ टूथब्रशने, टिश्यूपासून २ मिलिमीटर लांब राहून घासा. हट्टी असेल तर कोरल बाहेर काढून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाच्या काडीने फक्त सांगाड्यावर लावा, एक मिनिट थांबा, टँकच्या पाण्यात खळबळून परत ठेवा. केमिस्टच्या बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलं असेल तर ते साधारण ६ टक्के आहे, आरओ पाणी घालून निम्मं करा. गुलाबी कोरलाइन शेवाळ मात्र राहू द्या. त्यावरून टिश्यू सरकतो.

१४. जखमी कोरलला खाऊ कधी घालायचा?

कड सरकायची थांबली की, म्हणजे साधारण चार-पाच दिवसांनी. त्याआधी घातलेलं अन्न पचत नाही, जखमेवर कुजतं. मग आठवड्यातून दोनदा, दिवे मंद झाल्यावर, खाणारे तंतू बाहेर असताना, मायसिसचे (खाद्य म्हणून मिळणाऱ्या बारीक झिंग्यांचे) अर्धे तुकडे. प्रवाह २० मिनिटं बंद. झिंगे आणि मासे तोंडातून घास ओढतात आणि जखम उकरतात, म्हणून प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून कोरलवर टोपीसारखा ठेवा, बुचाच्या तोंडातून अन्न सोडा. न खाल्लेलं काढून घ्या. लेदर, झेनिया यांना असं भरवायची गरज नाही.

१५. प्रकाश वाढवू की कमी करू? कोरल पांढरं पडलंय.

कमी. जखमी टिश्यूतल्या शेवाळपेशी जास्त प्रकाशात त्याला आणखी ताण देतात. पार मीटर (कोरलला मिळणारा प्रकाश मोजायचं यंत्र) असेल तर एलपीएसला ६० ते १००, एसपीएसला १५० ते २०० पुरे. मीटर नसेल तर दिव्याची तीव्रता एक तृतीयांशाने उतरवा आणि कड स्थिर झाल्यावर तीन-चार दिवसांनी ५ टक्के अशी परत चढवा.

पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही. ब्लीच झालेल्या कोरलमध्ये टिश्यू पारदर्शक होऊन जागेवर असतो, पॉलिप हलतात, फक्त शेवाळपेशी निघून गेलेल्या असतात. त्याला कापू नका, डिप देऊ नका. तापमान उतरवा, सावली द्या, आणि एलपीएस असेल तर भरवा. परतायला काही आठवडे ते काही महिने.

१६. दिवसा काहीच जवळ दिसत नाही, तरी रोज एकाच बाजूने जळल्यासारखं होतं.

शेजारी रात्री हल्ला करतोय. दिवे गेल्यावर दोन तासांनी विजेरीला लाल कागद लावून बघा. लांब, पारदर्शक, टोकाला पांढरट गाठ असलेले तंतू दिसतील. टॉर्च कोरलपासून १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. गॅलॅक्सिया या कोरलचे तंतू ३० सेंटिमीटरपर्यंत जातात, त्याला प्रवाहाच्या खालच्या टोकाला एकटं बसवा.

१७. जखमेत काटेरी अळी सापडली. तिनेच खाल्लं ना?

बहुधा नाही. ब्रिसलवर्म (हीच काटेरी अळी) मेलेलं मांस खायला येतो. गिधाडाने शिकार केली असं म्हणण्यासारखं आहे ते. खरे गुन्हेगार वेगळे: सेंट्रोपायज जातीचे बुटके एंजल, बटरफ्लाय, पफर हे मासे. क्लाउनफिशही. टँकमध्ये ॲनिमोन (समुद्रफूल) नसेल तर क्लाउन लेदरमध्ये किंवा हॅमरमध्ये घर करतो आणि दिवसभर अंग घासतो. कोरल मिटून राहतं, कड फाटते. महिनाभर बाटलीची टोपी (प्रश्न १४) किंवा जाळी लावा, कधी तो दुसरी जागा धरतो.

ॲक्रोपोरावर गोल फिके डाग असतील तर चपट्या कृमींचा संशय घ्या. डिपने कृमी पडतात, अंडी टिकतात. म्हणून बुडाची अंडी खरवडा आणि दर ६-७ दिवसांनी डिप, पाच आठवडे.

१८. अँटिबायोटिकच्या गोळ्या विरघळवून डिप दिला तर?

आमचं उत्तर नाही. कोणता जिवाणू आहे हे माहीत नसताना, मोजमाप नसलेली मात्रा द्यायची, मग ते पाणी गटारात ओतायचं. त्याने प्रतिरोधक जिवाणू तयार होतात आणि कोरलच्या अंगचे उपयोगी जिवाणूही मरतात. स्वच्छ छाटणी आणि आयोडीन यांनी जे वाचत नाही, ते बहुतेकदा गोळीनेही वाचत नाही.

१९. मालवणच्या किनाऱ्यावर तुटलेलं प्रवाळ सापडलं. घरी आणून वाचवता येईल का?

नाही, आणू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. गोळा करणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. मेलेला सांगाडाही यात येतो, शोकेसमधला ‘शोपीस’ही. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

दुकानदार ‘हे इम्पोर्टेड आहे’ म्हणून हॅमर किंवा ॲक्रोपोरा दाखवेल. जगभरातली सगळी दगडी कोरल साइटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातही आहेत, त्यामुळे कागदाशिवायचा तो शब्द तुम्हाला वाचवणार नाही. सार्कोफायटन, झोअँथिड, मशरूम या यादीत नाहीत. तरी त्यांचंही बिल मागून ठेवा, आणि किनाऱ्यावरून उचलायचं तर काहीच नाही.

२०. किती दिवसांत भरून येतं? आशा कधी सोडायची?

मशरूम आणि लेदर एक-दोन आठवडे, एसपीएसची तुटलेली टोकं तेवढीच, एलपीएसच्या कडा एक ते दोन महिने. एलपीएसचा एक तोंडाचा भाग जिवंत असेल तर टाकू नका. मेलेला दिसणारा सांगाडाही वास नसेल तर कोपऱ्यात राहू द्या. युफिलियाच्या बुडाशी दोन-तीन महिन्यांनी नवी बारीक हेड फुटलेली दिसतात. वास येत असेल तर मात्र आजच बाहेर.

२१. पाणी ठीक, प्रकाश ठीक, शेजारी नाही, मासा नाही. तरी जखम पुढे सरकतेच आहे.

मग जे किटने मोजता येत नाही ते शोधा. वेव्हमेकरच्या चुंबकावरचं प्लास्टिक तडकून आत गंज लागलाय का? सम्पमध्ये पडलेला स्क्रू, क्लिप, नाणं? हीटरची काच? हातावरचं क्रीम? खोलीत मच्छर मारायची लिक्विड मशीन, कॉइल किंवा स्प्रे? त्यातली पायरेथ्रॉइड जातीची द्रव्यं माशांना आणि झिंग्यांना फार विषारी असतात आणि एअरपंप तीच हवा पाण्यात ढकलतो. दिवाळीआधीच्या रंगकामाचंही तेच, पंपाची नळी खिडकीबाहेर काढा. लोडशेडिंगमध्ये रात्री पंप थांबतात का? जखमी टिश्यूला ऑक्सिजन जास्त लागतो. इन्व्हर्टरवर सगळं नाही, निदान एक वेव्हमेकर किंवा बॅटरीवरचा एअरपंप हवा.

यातलं काहीच सापडलं नाही तर त्या कोरलचा छोटा फ्रॅग ओळखीच्या माणसाच्या चालू टँकमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि तसाच एक तुमच्याकडे. तिकडचा भरला आणि इकडचा नाही, तर दोष पाण्यात आहे: ताजं कार्बन, तांबं आणि इतर धातू शोषणारा रेझिन, आणि आठवड्याला १५ टक्के पाणी बदल, सलग चार आठवडे. दोन्हीकडे सडला, तर रोग कोरलमध्येच आहे. उरलेली वसाहत वेगळी करा आणि प्रश्न १२ प्रमाणे निरोगी टोकं कापून घ्या.